ओठ एकीकडे, आवाज भलतीकडे: कमी बजेटचे शिनेमे नेमके बघायचे कसे?

अर्धवटराव

मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल, सांभाळून घ्या.

भाच्याने एक यादी पाठवली आहे. म्हणे, "मामा, तू फक्त बक्षीसवाले सिनेमे बघतोस, जरा हे बघ." यादीत इटालियन वेस्टर्न आहेत, काळेपांढरे भयपट आहेत, आणि अवकाशयानांचे काही नमुने आहेत ज्यांत नायकाने भिंतीला टेकू नये अशी माझी मनापासून इच्छा असते. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'पासून सुरुवात केली. सुरुवातीला बराच वेळ मी फक्त ओठ बघत होतो. माणूस बोलतो एक, ऐकू येतं दुसरं, आणि आवाज कुठल्यातरी बंद खोलीतून आल्यासारखा. मग कधीतरी ओठांचं विसरलो आणि शेवटपर्यंत जागचा हललो नाही. हे कसं झालं ते कळलेलं नाही.

त्यानंतर 'डार्क स्टार' लावला. त्यात परग्रहावरचा प्राणी म्हणून चक्क समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा फुगवलेला चेंडू आहे, खाली पंजे लावलेला. बंद करून टाकला.

मित्र म्हणतात, हे वाईट असतात म्हणूनच बघायचे, चारजण जमवून हसायचं. मला त्यात रस नाही. कुणीतरी पदरमोड करून केलेल्या कामाला दीड तास हसत बसणं माझ्याच्याने होत नाही.

तर प्रश्न असा: हे सिनेमे कमी पैसे असूनही चांगले आहेत, की पैसे कमी होते म्हणून चांगले? की चांगले नाहीतच, आणि लोक आपल्याच लहानपणाला दाद देताहेत? तीन-चार नावं सुचवा, आणि त्यांत बघायचं काय तेही सांगा. नुसत्या याद्या माझ्याकडे भरपूर आहेत.

निशाचर

वाचनखूण साठवली आहे. पण हसण्याबद्दल असहमत! 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' बघा. त्यातला नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला, त्याची जेमतेम काही मिनिटांची फिल्म दिग्दर्शक एड वुडकडे शिल्लक होती. मग उरलेल्या सिनेमाभर बायकोचा मणकेतज्ज्ञ उभा केला. लुगोसीपेक्षा चांगलाच उंच, चेहऱ्यात काडीचं साम्य नाही, म्हणून झग्याची बाही तोंडासमोर धरून हिंडतो. याला न हसणारा माणूस मला भेटायचा आहे. आणि ते हसणं कुत्सित नसतं हो, त्यात माया असते.

कात्री

निशाचर, माया असेल, पण त्या हसण्याचा एक तोटा आहे. एकदा हसायचं ठरवून बसलं की माणूस फक्त चुका मोजतो. चित्र कुठे कापलंय, आवाज कुठे घातलाय, इकडे लक्षच जात नाही. आणि या सिनेमांत बघण्यासारखं नेमकं तेच असतं.

अर्धवटराव, तुमच्या ओठांवर आधी येते, कारण तो माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. मी माहितीपटांचं ध्वनिसंकलन करते. म्हणजे कुणीतरी वाऱ्यात उभं राहून मुलाखत घेतो आणि तो वारा काढायला माझ्याकडे आणून देतो.

त्या काळातल्या इटलीत चित्रीकरणाबरोबर आवाज मुद्रित करायची पद्धतच जवळजवळ नव्हती. स्वस्तातल्याच नव्हे, मोठ्या लोकांच्या सिनेमांतही नाही. फेलिनी नटांना सेटवर नुसते आकडे म्हणायला लावायचा आणि संवाद मागाहून चिकटवायचा. म्हणजे न जुळणारे ओठ ही काही गरिबीची खूण नव्हे. पण वेस्टर्नवाल्यांनी त्या रिवाजाचा पुरेपूर फायदा उठवला. 'फिस्टफुल'मागे पैसे इटली, स्पेन आणि पश्चिम जर्मनी असे तीन ठिकाणचे. जिथून पैसे, तिथले नट. प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलतोय, समोरचा काय म्हणाला ते अंदाजाने ओळखतोय. सगळं मिळून साधारण दोन लाख डॉलर. ईस्टवुडला १५,००० मिळाले, तोवर तो टीव्हीवरच्या एका मालिकेतला नट होता. त्याच निर्मात्यांचा दुसरा एक वेस्टर्न त्याच सुमाराला चालू होता आणि त्यांचा भरवसा त्या दुसऱ्यावर जास्त होता. इटालियन प्रेक्षकांना माल अमेरिकन वाटावा म्हणून श्रेयनामावलीत दिग्दर्शक लिओनेचा 'बॉब रॉबर्टसन' झाला आणि संगीतकार मोरिकोनेचा 'डॅन साव्हिओ'.

आता सेटवर आवाज घ्यायचाच नाही म्हटल्यावर काय होतं बघा. कॅमेरा खडखडला तरी चालतो, दिग्दर्शक शॉट चालू असताना ओरडून सूचना देऊ शकतो. आणि नंतर, रिकाम्या पट्टीवर, प्रत्येक आवाज कुणीतरी ठरवून ठेवावा लागतो. आपोआप आलेलं काहीच नाही. आमच्याकडे मुलाखतीत खुर्ची करकरते, पंखा फिरतो, लांब कुठेतरी हॉर्न वाजतो. ते सगळं पुसण्यात आयुष्य चाललंय. लिओनेकडे पुसायला काहीच नव्हतं. त्यामुळे त्याच्या चौकातल्या द्वंद्वात वारा आहे, टाचेच्या आरीची किणकिण आहे, आणि बाकी शांतता. खऱ्या चौकात अशी शांतता कधीच नसते. तुम्ही ओठ विसरलात ते याच्यामुळे असं माझं मत आहे. पडद्यावरचं जग खरं नाही हे कान आधीच मान्य करून बसतात, डोळे मागून येतात.

संगीताचंही तसंच. मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता. मोरिकोनेने शीळ घेतली (आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी नावाच्या माणसाची), चाबकाचा फटका, घंटा, इलेक्ट्रिक गिटार. हॉलिवूडच्या वेस्टर्नमधली ती व्हायोलिनांची लाट नाहीच.

आणि चेहरे. कातडीवरची छिद्रं मोजता येतील इतके जवळून घेतलेले ते चेहरे, त्यांच्यामागेही काटकसरच. रुंद पडद्यासाठी एरवी अ‍ॅनामॉर्फिक, म्हणजे रुंद चित्र दाबून फिल्मवर बसवणारी, भिंगं लागायची. महाग, जड, आणि फार जवळ गेलं की चेहरा विचित्र दिसायचा. टेक्निकलरच्या इटालियन शाखेने १९६० च्या सुमाराला टेक्निस्कोप काढलं. ३५ मिमी फिल्मवर एक चौकट फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांच्या उंचीची असते, यांनी ती दोन छिद्रांची केली. चौकट आपोआप आडवी आणि अरुंद झाली, भिंगं साधीच चालली, आणि फिल्म निम्मी लागू लागली. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं ते बावीस मिनिटं पुरू लागलं. साध्या भिंगाने नाकापर्यंत जाता येतं आणि मागचा डोंगरही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो. किंमत एवढीच की निगेटिव्ह लहान, म्हणून दाणे दिसतात. मला ते दाणे आवडतात, पण तो माझा प्रश्न.

तुम्ही असं करा. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा (१९६६) शेवटचा स्मशानातला प्रसंग एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा, मग डोळे मिटून फक्त ऐका. नुसत्या चित्रात तीन माणसं फार वेळ काहीच न करता उभी आहेत. तेवढा वेळ कुणाच्या जोरावर ताणला ते लगेच कळेल.

(तो सिनेमा मात्र स्वस्त नव्हता, तोवर लिओनेकडे पैसे आले होते. पाच हजार थडग्यांचं ते स्मशान स्पॅनिश सैनिकांकडून बांधून घेतलं. पूलही सैन्यानेच उडवला, आणि पहिल्यांदा कॅमेरे सुरू होण्याआधीच उडवला. मग परत बांधावा लागला.)

भयपटांत माझी पहिली शिफारस 'कॅट पीपल', १९४२. आरकेओ कंपनीने व्हॅल ल्यूटन नावाच्या निर्मात्याला बसवलं आणि अटी घातल्या: प्रत्येक सिनेमा दीड लाख डॉलरच्या आत, पाऊण-सव्वा तासात संपणारा, आणि नाव कंपनी देणार. 'कॅट पीपल' हे नाव असं वरून आलेलं, त्याला साजेशी गोष्ट यांनी शोधायची. जिने-बिने बांधायला पैसे नव्हते, तर ऑर्सन वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'चा भव्य जिना उभा होता तोच वापरला. मांजर दाखवायची तर अडचणच, म्हणून सावल्या.

त्यात एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेने चालली आहे. तिच्या टाचा वाजताहेत. मागे दुसऱ्या बाईच्या टाचा. मग मागच्या टाचा थांबतात. नुसत्या थांबतात, दिसत काहीच नाही. पहिली घाबरून वेग वाढवते, आणि एकदम फिस्सकन आवाज होऊन चौकटीत बस घुसते, ब्रेकच्या हवेचा आवाज. माणसं खुर्चीतून उडाली. संकलक मार्क रॉबसन. त्यानंतर आमच्या धंद्यात अशा फसव्या दचक्याला ल्यूटनची बस म्हणायचा प्रघात पडला. आज दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या सिनेमात मांजर कपाटातून उडी मारते, त्या सगळ्या उड्यांची पणजी म्हणजे ही बस. फरक इतकाच की रॉबसनने बसच्या आधी शांतता ठेवली होती. नव्या लोकांना शांततेची भीती वाटते, तिथे ते घूं घूं असं काहीतरी भरून ठेवतात.

प्रतिसाद लांबला. मारिओ बाव्हाबद्दल लिहायचं होतं, ते पुढच्या खेपेला.

तिसरी घंटा

कात्रीताई, प्रतिसाद झकास, पण मला एक खडा टाकू द्या.

हे सगळं तगलेल्यांचं कौतुक चाललंय. इटलीत त्या दहा-पंधरा वर्षांत असे वेस्टर्न शेकड्यांनी निघाले. त्या सगळ्यांकडे टेक्निस्कोप होतं, सगळ्यांकडे डबिंग होतं, सगळ्यांना पैसे कमी होते. मग त्यातले बहुतेक इतके कंटाळवाणे का? १९६६ मध्ये कोर्बुचीचा 'जँगो' चालला, तर पुढे ज्यांच्यात जँगो नावाचं पात्रही नव्हतं अशा सिनेमांवरही ते नाव डकवलं गेलं. रोमेरोचा 'डॉन ऑफ द डेड' इटलीत 'झोंबी' नावाने लागला आणि चालला, तर १९७९ मध्ये लगेच 'झोंबी २' आला, ज्याचा पहिल्याशी काडीचा संबंध नाही. (त्यात झोंबी आणि शार्क यांची पाण्याखाली मारामारी आहे, ती मात्र मी तीनदा मागे करून बघितली, ते सोडा.) टंचाईने कल्पकता येते म्हणणं सोपं आहे. टंचाईने बहुतेकदा टंचाईच येते.

दुसरं. ही काटकसर कुणाच्या अंगावर निघते? 'द टेक्सस चेनसॉ मॅसॅकर' १९७४ चा, खर्च दीड लाख डॉलरच्या आतबाहेर. टेक्ससचा कडक उन्हाळा, बंद खोली, वर दिवे, टेबलावर कुजणारं मांस आणि हाडं. जेवणाचा तो प्रसंग एका दमात चोवीस तासांहून जास्त चालला. करवतवाल्याचा पोशाख एकच होता, रंग उतरेल म्हणून तो शेवटपर्यंत धुतलाच नाही. नायिकेच्या बोटावर सुरी फिरवायची, तर रक्ताची नळी चालेना, शेवटी बोट खरंच कापलं. सिनेमा तुफान चालला आणि नटांच्या हातात फारच थोडं पडलं. त्या बाईच्या किंकाळ्या अस्सल वाटतात याचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते.

आणि तो आकडा! 'एल मारियाची' म्हणे ७,००० डॉलरमध्ये झाला. कॅमेऱ्यात शिरलं ते ७,००० मध्ये, हे खरं. थिएटरात लागला त्याआधी स्टुडिओने आवाज नीट करायला आणि ३५ मिमीवर चढवायला त्याच्या कितीतरी पट ओतले. पोस्टरवर तो खर्च येत नाही.

कात्री

घंटाराव, पहिला मुद्दा मान्य. दुसरा तर शंभर टक्के. तो जेवणाचा प्रसंग मी कामासाठी तुकड्या-तुकड्याने बघितला आहे. संकलन अप्रतिम आहे आणि मला तो पुन्हा बघायचा नाही. रक्त मात्र त्या सिनेमात लोकांना आठवतं त्याच्या पावही नाही, बाकीचं लोकांनी स्वतःच्या डोक्यात घातलं आहे.

पण 'एल मारियाची'वर भांडते. आकडा सोडून द्या, कापलेलं बघा. त्याचा दिग्दर्शक रॉड्रिगेझ, त्याच्याकडे आवाज न घेणारा, खडखडणारा १६ मिमी कॅमेरा होता. शॉट झाला की तो नटांना जवळ घेऊन तेच संवाद साध्या टेपरेकॉर्डरवर पुन्हा म्हणून घ्यायचा, आणि नंतर चित्राला जोडायचा. माणूस दुसऱ्यांदा तेच वाक्य थोडं वेगळ्या गतीने म्हणतोच. दोन-चार शब्द ओठांवर बसतात, मग आवाज घसरतो. घसरला की हा पठ्ठ्या कापतो. समोरच्याच्या तोंडावर जातो, कुत्र्यावर जातो, परत येतो. त्या सिनेमाच्या ज्या धावत्या गतीची पुढे इतकी वाहवा झाली, तिचा मोठा भाग म्हणजे घसरलेले ओठ लपवणं आहे. कॅमेरा सरकवायला रूळ नव्हते, चाकाची खुर्ची होती. ही कल्पकता वगैरे नाही हो, ही निकड आहे, आणि त्याने ती प्रत्येक कापाला नव्याने सोडवली आहे. बाकीचे शेकडो लोक घसरलेला आवाज तसाच सोडून घरी गेले. तुमच्या 'मग बहुतेक कंटाळवाणे का'चं माझ्यापुरतं उत्तर हे.

आता बाव्हा. 'प्लॅनेट ऑफ द व्हँपायर्स', १९६५. मारिओ बाव्हा मुळात छायालेखक. त्याला परग्रह उभा करायचा होता आणि स्टुडिओत कुठल्यातरी पौराणिक सिनेमातले प्लास्टिकचे दोन खडक पडले होते. दोनच. त्याने आरसे लावून त्यांचे अनेक केले, आणि धूर सोडला, कारण धुराच्या पलीकडे दाखवायला काही नव्हतंच. त्या धुरावर लाल-हिरवे-जांभळे दिवे मारले. यातही नट चार भाषांत बोलताहेत. कथा यथातथाच आहे, मध्ये डुलकी लागेल, लागू द्या. पण दोघं अंतराळवीर एका जुन्या परक्या यानात शिरतात आणि तिथे प्रचंड मोठा सांगाडा पडलेला असतो, तो प्रसंग चुकवू नका. चौदा वर्षांनी 'एलियन'मध्ये फार मोठ्या खर्चात तसंच काहीसं दिसतं.

बाव्हाची याहून भारी करामत काळ्यापांढऱ्यात आहे. 'ई व्हँपिरी' (१९५७) मध्ये एक सुंदर बाई एकाच शॉटमध्ये, कुठेही न कापता, म्हातारी होते. सुरकुत्या लाल रंगाने रंगवल्या होत्या. दिव्यासमोर लाल काच असेपर्यंत त्या दिसत नाहीत, काच बदलत नेली की उमटत जातात. काळ्यापांढऱ्या फिल्मला दिव्याचा रंग बदलला हे कळत नाही, तिला फक्त सुरकुत्या कळतात. खर्च किती, तर दोन रंगीत काचांचा.

आणि स्वस्त, झटपट सिनेमे काढणाऱ्या रॉजर कॉर्मनचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं नवल वाटतंय. १९६० चा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' त्याने दुसऱ्या कुणाचा उरलेला सेट पाडायच्या आत, मुख्य चित्रीकरण दोन दिवसांत उरकून केला. ती कथा सगळ्यांना पाठ असते. मला जास्त आवडतो तो 'टार्गेट्स' (१९६८). भयपटांतला नट बोरिस कारलॉफ कॉर्मनला दोन दिवसांचं काम देणं लागत होता. कॉर्मनने पीटर बोग्डानोविच नावाच्या पोराला बोलावून सांगितलं: हे दोन दिवस घे, कारलॉफच्याच माझ्या जुन्या 'द टेरर'मधली वीसेक मिनिटं घे, उरलेलं तू चित्रित कर, झाला सिनेमा. आता 'द टेरर' हा मुळातच 'द रेव्हन'च्या उरलेल्या सेटवर केलेला, म्हणजे शिळ्याचं शिळं. बोग्डानोविचने काय केलं? कारलॉफलाच थकलेला भयपटांचा नट केला, ज्याला वाटतं की आपली भुतं आता कुणाला घाबरवत नाहीत. आणि समांतर एक साधासुधा, नीटनेटका तरुण, जो बंदुका जमवतोय. दोन्ही धागे ड्राइव्ह-इन थिएटरात एकत्र येतात. आणि तिथे पडद्यावर काय चालू असतं, तर 'द टेरर'. जुना माल लपवायचा असतो, याने तो भर चौकात मांडला.

अर्धवटराव, तुमच्या तीन पर्यायांतला कुठला, असं विचाराल तर 'टार्गेट्स' हे माझं उत्तर. पैसे कमी होते म्हणून चांगला नाही. पण ते दोन दिवस आणि ती वीस मिनिटं नसती, तर तो सिनेमा सुचलाच नसता.

निशाचर

बाव्हा बघितला. खडकांत आरसा शोधत बसलो, सापडला नाही. डुलकी मात्र लागली.

जुना रीळ

फक्त चेंडूबद्दल बोलायला आलो. अर्धवटराव, फार लवकर बंद केलात.

'डार्क स्टार' हा जॉन कारपेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी विद्यापीठात शिकत असताना सुरू केलेला सिनेमा, नंतर खेचून पूर्ण लांबीचा केला. सगळा मिळून साठेक हजार डॉलर. चेंडू विनोदासाठीच आहे. पण लोक पुरेसे हसले नाहीत. ओबॅननने त्यावरून असं ठरवलं की हसत नाहीत तर घाबरवू या. तीच मांडणी, अरुंद यान, कंटाळलेले कामगार, कोपऱ्यात लपलेला प्राणी, हे सगळं त्याने पुन्हा लिहिलं. १९७९ चा 'एलियन' तो. म्हणजे तुम्ही जो चेंडू बंद केलात, तो पुढे जगातला सगळ्यात भीतिदायक प्राणी झाला. आता पुन्हा लावा आणि त्या वीरांचे कंटाळलेले चेहरे बघा. वर्षानुवर्षं एकमेकांची तोंडं बघून विटलेली माणसं अवकाशात तोवर फारशी कुणी दाखवली नव्हती.

दुसरा चमचमीत तुकडा कारपेंटरचाच. 'हॅलोविन', १९७८, खर्च तीन लाखांच्या थोडा वर. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानात दोनेक डॉलरला मिळणारा 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा, डोळे मोठे कापून पांढरा फवारलेला. गोष्ट शरद ऋतूतली, चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात. म्हणून कागदी पानं रंगवली, प्रत्येक शॉटनंतर गोळा केली आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा टाकली. झाडं मात्र मागे हिरवीगार. पण इथे वाचवलं आणि कुठे लावलं ते बघा: पॅनाव्हिजनच्या रुंद चौकटीवर. त्या रुंदीमुळे नायिका एका कडेला आणि उरलेली अर्धी चौकट रिकामी. सिनेमाभर तुम्ही त्या रिकाम्या अर्ध्याकडे बघत राहता.

कात्रीताईंना आवडेल असं एक. संगीत नसलेली प्रत त्याने एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवली, त्या अजिबात घाबरल्या नाहीत. मग त्याने स्वतःच, थोड्या दिवसांत, ती पाच मात्रांची पियानोची धून केली. तो ताल त्याला वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेला.

कात्री

आवडलं. आणि पाच मात्रा आहेत म्हणूनच ती चालते. चारवर पाय ठेवायला जावं तर जमीन एक पाऊल पुढे सरकलेली असते.

अर्धवटराव

सगळ्यांचे आभार. गृहपाठ केला.

'कॅट पीपल'ची बस येणार हे माहीत असूनही उडालो. आश्चर्य म्हणजे त्याहून जास्त त्रास पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगाने दिला. छतावर पाण्याच्या लाटांचा उजेड हलतोय, बाई मध्यभागी पाण्यात, आणि गुरगुर कुठून येते ते कळत नाही. ताई, तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. मुद्दाम?

'हॅलोविन'मध्ये हिरवी झाडं दिसली. रिळबुवा, आता ती दिसायची थांबत नाहीत, धन्यवाद.

'टार्गेट्स' बघून झाल्यावर भाच्याला फोन केला. तो म्हणतो त्याने अजून बघितलेला नाही. आता यादी मी पाठवणार.

एक शंका उरली आहे. 'फिस्टफुल' पुन्हा बघायचा आहे. इंग्रजीत बघू की इटालियनमध्ये? मूळ कुठलं धरायचं?

कात्री

तलावाबद्दल मुद्दाम नाही लिहिलं. थोडं तुमच्यासाठी ठेवलं. खऱ्या बंदिस्त तलावात आवाज घुमतो, त्यामुळे गुरगुर चारी भिंतींवरून येते, दिशा हरवते. माझ्या मते बसपेक्षा तोच प्रसंग मोठा आहे, पण बसचं सांगायला सोपं जातं.

'फिस्टफुल'ला मूळ असं नाहीच. दोन्हीकडे अर्धे लोक परक्या आवाजात आहेत. इंग्रजीत ईस्टवुड स्वतःच्या आवाजात मिळतो, तेवढ्यासाठी इंग्रजी बघा. इटालियनमध्ये त्याला एन्रिको मारिया सालेर्नोचा आवाज आहे, जास्त खर्जातला, जास्त नाटकी. गंमत म्हणजे खलनायक जान मारिया व्होलोन्ते स्वतः कसलेला इटालियन नट, तरी इटालियन प्रतीतही तो आवाज त्याचा नाही, नांदो गात्झोलोचा आहे.

या भानगडीतून पूर्ण सुटलेला नायक हवा असेल तर कोर्बुचीचा 'द ग्रेट सायलेन्स' (१९६८). ज्याँ-लुई त्रँतिन्याँचं पात्र मुकं आहे. वाळवंटाऐवजी डोलोमाइट पर्वतातला बर्फ, आणि गावाच्या सेटवर बर्फ म्हणून दाढीचा फेस. शेवट कुणाकडून ऐकू नका, आणि मूड चांगला असेल त्या दिवशी लावू नका.

तिसरी घंटा

'फिस्टफुल'वरून आठवलं, फुकटेपणाची हद्दही तिथेच कळते. कुरोसावाच्या 'योजिम्बो'ची (१९६१) गोष्ट जवळजवळ जशीच्या तशी उचलली, हक्क विकत घेतले नाहीत. 'योजिम्बो'वाल्या तोहो कंपनीने दावा लावला. तडजोडीत जगभरच्या कमाईचे १५ टक्के आणि जपानसह काही देशांतलं वितरण द्यावं लागलं, आणि अमेरिकेत सिनेमा लागायला १९६७ उजाडलं. कात्रीताई, ही काटकसर तुमच्या यादीत नाही धरली.

कात्री

ती काटकसर नव्हे, ती चोरी. पण चोरीसुद्धा किती नीट कापली आहे!

अर्धवटराव

पुढचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आहे. जालावर फुकट दिसतोय, अनेक ठिकाणी. चालेल ना?

तिसरी घंटा

कायद्याने चालेल, डोळ्यांना नाही. १९६८ चा, १,१४,००० डॉलरच्या आसपास खर्च, पिट्सबर्गकडच्या मित्रमंडळींनी पैसे घालून केलेला. आधी नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' होतं. वितरकाने नाव बदललं, सिनेमाच्या सुरुवातीला नावाची नवी पाटी घातली, आणि जुन्या पाटीवरची स्वामित्वहक्काची ओळ नव्यावर टाकायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसली की हक्क गेला. त्यामुळे ज्याला वाटेल त्याने कसल्याही प्रतीवरून नकला काढल्या, नकलांच्या नकला काढल्या. फुकटात दिसतात त्यातल्या बऱ्याच अशाच, करड्या चिखलासारख्या.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि फिल्म फाउंडेशनने मूळ निगेटिव्हवरून नीट केलेली प्रत २०१६ मध्ये आली, ती शोधा. थोडे पैसे पडतील. तिच्यात काळा रंग खरंच काळा आहे, आणि रक्त म्हणून वापरलेलं चॉकलेटचं सिरप चकाकतं तेसुद्धा दिसतं. नायक ड्वेन जोन्सचं काम बघा, आणि शेवटी स्थिरचित्रं सुरू झाली की उठू नका, नामावली त्यांच्यावरच आहे.

कात्री

आणि हेडफोन लावून बघा. दारांवर फळ्या ठोकतात तो भाग.